ट्रॅव्हल ट्रेलरमधली गादी: टॉपर, नवी गादी की आधी खालची फळी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत वापरलेला २५ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतला आहे. पुढच्या टोकाला ‘शॉर्ट क्वीन’ (घरातल्या क्वीनपेक्षा आखूड) पलंग, त्यावर कारखान्यातूनच आलेली ५ इंची फोमची गादी. नवरा उताणा झोपतो, त्याची कंबर सकाळी धरलेली असते. प्रश्न विचारणारी बायको कुशीवर झोपते, तिचा खांदा आणि खुबा दुखतो. थंडीच्या सुरुवातीला गादी उचलून पाहिली तर खालचं प्लायवूड ओलसर आणि कोपऱ्यात काळे ठिपके. ३ इंची मेमरी फोमचा टॉपर (गादीवर पसरायचा जादा थर) टाकावा, खोक्यात गुंडाळून येणारी नवी गादी घ्यावी, की फोम कापून घ्यावा?

टॉपर आत्ता मागवू नका. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत, फोमचं आणि ओलीचं. ओल तशीच ठेवून वर काहीही टाकलंत तरी वर्षभरात नव्या फोमलाही कुबट वास येईल. म्हणून सुरुवात फळीपासून.

आधी ही ओल बाहेरून गळतेय की आतलीच आहे ते ठरवा. गादी उभी करून प्लायवूड पूर्ण वाळवा, त्यावर कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि दोन-तीन दिवस तिथे कुणी झोपू नका. त्या काळात पाऊस झाला पाहिजे. नाही झाला तर नळीने पुढच्या भिंतीवर आणि छताच्या कडेला पंधरा-वीस मिनिटं हलकं पाणी सोडा, जोराचा फवारा नको. कागद कोपऱ्यातून भिजला, किंवा प्लायवूडवर आधीच तपकिरी कडा असलेला डाग असेल, तर ती गळती. पुढच्या टोकाला पलंग असलेल्या ट्रेलरमध्ये पाणी बहुधा कोपऱ्याची पट्टी, छत आणि पुढची भिंत यांचा सांधा किंवा वरचे छोटे दिवे इथून शिरतं. भिंत अंगठ्याने दाबा. मऊ लागली तर गादीचा विचार बाजूला ठेवून आधी सीलंटचं काम करा.

कागद कोरडा राहिला आणि झोपायला लागल्यावरच ओल परत आली, तर ती आतल्या वाफेची. दोन माणसं रात्रभरात श्वास आणि घाम मिळून साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी हवेत सोडतात. त्यात रात्री शेगडीवर चहा केलात तर आणखी भर, कारण १ किलो प्रोपेन जळल्यावर सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. फर्नेसचा (हीटरचा) धूर बाहेर जातो, शेगडीची वाफ मात्र आतच राहते. आत ६८ अंश फॅरेनहाइट आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर सुमारे ५३ अंशांपेक्षा गार पृष्ठभागावर दव धरतं. पलंगाखालच्या सामानाच्या कप्प्यात उष्णता पोचत नाही. बाहेर ४० असेल तर फळी सहज पन्नाशीच्या खाली जाते. अंगाची वाफ फोममधून खाली उतरते, गार फळीला लागते आणि तिथे पाणी होते. गळती कोपरा धरते, ही ओल माणूस झोपतो त्या भागाखाली पसरते. गादी भिंतीला चिकटलेली असेल तर भिंतीच्या कडेलाही दिसते, आणि तुमचे कोपऱ्यातले ठिपके त्यातलेही असू शकतात.

फळीला भोकं पाडा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याचा हिशेब करून पाहू. दर ८ इंचांवर १ इंची भोक पाडलं तर पूर्ण पलंगावर साठ-पासष्ट भोकं होतात, आणि त्यांचं एकूण क्षेत्रफळ फळीच्या जेमतेम एक टक्का भरतं. उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांवर फोम चिकटूनच बसलेला असतो. शिवाय थंडीत त्याच भोकांमधून कप्प्यातली गार हवा वर येते. गादीखाली हवा आडवी सरकली पाहिजे, आणि त्यासाठी फळी आणि गादी यांच्यामध्ये फट लागते. त्याकरता पाऊण इंच जाडीची प्लॅस्टिकच्या तंतूंची जाळी गुंडाळीत मिळते; नौकांमधल्या पलंगांखाली हीच वापरतात. तिचा कापड असलेला भाग वर, जाळी खाली. कात्रीने कापता येते आणि माणूस झोपल्यावर दबत नाही. तेवढा खर्च नको असेल तर १×३ च्या (नावाला १ इंची, प्रत्यक्षात पाऊण इंच जाड) पाइनच्या पट्ट्या आडव्या टाका. दोन पट्ट्यांमधलं अंतर ३ इंचांपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर फोम फटीत उतरतो आणि पाठीला प्रत्येक पट्टी मोजता येते. रबर लावलेल्या काथ्याचा १ इंची थरही चालतो. आपल्याकडच्या काथ्याच्या गादीत असतो तोच माल. त्यातून हवा छान खेळते, फक्त सतत ओल राहिली तर तो कुजतो, प्लॅस्टिकची जाळी कुजत नाही.

जाळीच्या चारही कडा मोकळ्या राहिल्या पाहिजेत. गादी भिंतीपासून पाऊण-एक इंच सुटी ठेवा आणि जाड पलंगपोस सगळ्या बाजूंनी खोचून फट बुजवू नका. नवी गादी येते त्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच ती ठेवण्याची सवय अनेकांना असते. तशी ठेवली तर ओल हमखास धरते. व्हिनाइलच्या जलरोधक खोळीचंही तेच. रात्री छताचा पंखा मंद ठेवून एक खिडकी इंचभर उघडा आणि आठ-दहा डॉलरचं आर्द्रतामापक भिंतीला लावा. आकडा पन्नाशीच्या आसपास राहिला तर फळी सहसा कोरडी राहते.

काळे ठिपके वरवरचे असतील तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड फवारा, दहा मिनिटांनी ब्रशने घासा, पुसा आणि पूर्ण वाळू द्या. लाकडावर ब्लीच फारसं उपयोगी नाही. रंग जातो, पण त्यातलं पाणी लाकडात मुरतं. फोमच्या आत बुरशी गेली असेल तर तो धुऊन वाचत नाही, टाकून द्या.

फळी उघडी आहे तोवर तिची ताकदही पाहा. पुष्कळ ट्रेलरांत ३/८ इंची प्लायवूड असतं आणि त्याखालचे आधार दोन-अडीच फुटांवर. मधोमध गुडघा टेकवून दाबा. फळी स्पष्ट वाकली तर कंबरदुखीचा काही वाटा तिचा आहे, आणि कोणतीही गादी तो भरून काढणार नाही. खालून १×३ ची आडवी पट्टी लाकडाच्या गोंदाने आणि स्क्रूने बसवा. ३/८ प्लायवूड आणि पाऊण इंची पट्टी मिळून १ १/८ इंच होतात, म्हणून स्क्रू १ इंचाचेच घ्या. सव्वा इंची घेतलेत तर टोक खाली निघेल आणि सामान काढताना हाताला लागेल. आधी बारीक भोक पाडा, नाहीतर पाइन चिरते. ड्रिल चालवण्याआधी खाली वाकून पाहा: बऱ्याच मॉडेलांत पाण्याचा पंप, पाइप आणि १२ व्होल्टच्या तारा याच कप्प्यातून जातात.

आता गादी. ‘शॉर्ट क्वीन’ म्हणजे ६० इंच रुंद आणि ७४ किंवा ७५ इंच लांब. घरातली क्वीन ८० इंच असते, म्हणून ती तशीच आणून बसवता येत नाही. मात्र कारखान्याने लिहिलेल्या मापावर विसंबू नका. रुंदी तीन ठिकाणी मोजा, लांबी दोन्ही कडांना मोजा, पायाकडचे कोपरे गोल किंवा तिरके कापलेले असतील तर जुनी गादी बाजूला काढून थेट फळीचा पुठ्ठ्याचा नमुना काढा. जुनी गादी बसलेली आणि फुगलेली असते. तिच्यावरून माप घेतलं तर चूक पक्की.

जाडी ठरवताना चौकस राहा. फळीपासून खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत, बाजूच्या कपाटाच्या दारापर्यंत, उशाशी असलेल्या बटणापर्यंत आणि सॉकेटपर्यंत उंची मोजा. पलंगाजवळची आपत्कालीन खिडकी नव्या उंचीवर पूर्ण उघडते का, तिची खिट्टी गादीमागे दबते का हे प्रत्यक्ष करून बघा. उशा आणि घड्या घातलेल्या चादरी रचून ती उंची तयार करता येते. पलंग स्लाइड-आउटमध्ये (ट्रेलरच्या बाहेर सरकणाऱ्या भागात) असेल किंवा स्लाइड बंद होताना पलंगावरून जात असेल तर स्लाइड बंद करून निदान १ इंच मोकळं राहतं ना ते पाहा. भिंतीत उभा मुडपणारा मर्फी पलंग असेल तर उत्पादकाने दिलेल्या जाडीच्या आणि वजनाच्या मर्यादेपुढे जाऊ नका. तिथे बहुधा ५-६ इंचांचीच सोय असते. पलंगाच्या पेटीला फर्नेसची हवा ओढणारी जाळी असेल, तर लोंबणारी चादर तिच्यावर येता कामा नये.

तुमची मूळ गादी का त्रास देते, याचं उत्तर बहुधा घनतेत आहे. कारखान्याच्या गाद्यांत पुष्कळदा घनफुटाला १.२ पाउंडांच्या आसपासचा फोम असतो. भारतात आपण ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ म्हणतो ते घनमीटरला किलो. १ पाउंड म्हणजे साधारण १६. म्हणजे हा फोम १९ डेन्सिटीचा झाला, जो आपल्याकडे कुणी झोपायच्या गादीसाठी मागणार नाही. घनता म्हणजे कडकपणा नव्हे. घनतेवरून फोम किती टिकेल ते कळतं. कडकपणा ‘आयएलडी’ या आकड्याने मोजतात, म्हणजे ५० चौरस इंचांची चकती फोममध्ये त्याच्या जाडीच्या २५ टक्के दाबायला किती पाउंड लागतात. दुकानात हात लावून कडक वाटलेला हलक्या घनतेचा फोम काही महिन्यांत खुब्याखाली खळगा करतो. लेबलवर नुसतं ‘फर्म’ किंवा ‘लक्झरी’ असेल आणि घनतेचा आकडा नसेल, तर तो विचारा. सांगत नसतील तर दुसरं दुकान पाहा.

तुमच्या गादीची दोन मिनिटांत परीक्षा होते. तिच्यावर लांब सरळ पट्टी किंवा झाडूची दांडी आडवी ठेवा आणि खळगा किती ते मोजा. इंचभर किंवा जास्त असेल तर गादी बसली आहे. मग झोपता तिथे गुडघा टेकवा. गुडघ्याला फळी लागली तर फोम पूर्ण दबतो आहे. यातलं काहीही खरं ठरलं तर टॉपर वाया जातो, कारण तो खालच्या खळग्याचाच आकार घेतो आणि कंबर तिथेच खचते. गादी सपाट असेल, फळी लागत नसेल आणि फक्त खांदा-खुबा टोचत असेल, तरच २ इंची टॉपर पुरतो. तुमच्या नवऱ्याची कंबर धरते, याचा अर्थ बहुधा मधला भाग खाली जातो आहे. म्हणून तुमच्यासाठी तरी टॉपर बाद.

खोक्यातली मेमरी फोमची गादी स्वस्त पडते आणि शॉर्ट क्वीन मापात तयार मिळते, हे खरं. गुंडाळलेली असल्यामुळे ट्रेलरच्या अरुंद दारातून सहज आत जाते. उघडल्यावर फुगायला एक-दोन दिवस द्या आणि वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा. पण ट्रेलरमध्ये तिची एक अडचण घरापेक्षा जास्त जाणवते. मेमरी फोम थंडीत आखडतो. रात्री ४५ अंश फॅरेनहाइट असताना दिवसभर बंद राहिलेल्या ट्रेलरमध्ये पोचलात तर पहिला तासभर लाकडावर झोपल्यासारखं वाटेल. ‘कूलिंग जेल’चा गारवाही थोडाच वेळ टिकतो, जेल अंगाइतकं तापलं की संपलं. उन्हाळ्यात ॲरिझोना-टेक्ससकडे जाणाऱ्यांनी त्यापेक्षा हवा खेळणाऱ्या लॅटेक्सवर (रबराच्या फोमवर) पैसे खर्चावेत.

आणखी एक, आणि हे गंभीर आहे. अमेरिकेत २००७ पासून गाद्यांना उघड्या ज्योतीच्या चाचणीत उतरावं लागतं. स्वस्त गाद्यांत त्यासाठी वरच्या खोळीखाली काचतंतूंचं आवरण घालतात. खोळीला चेन आहे म्हणून ती धुवायला काढली की ते तंतू सुटतात, आणि ट्रेलरसारख्या छोट्या जागेत फर्नेसच्या हवेबरोबर सगळीकडे पसरतात. लेबलवर ‘ग्लास फायबर’ लिहिलेलं असेल तर अशी गादी घेऊ नका. घेतलीच तर चेन कधीही उघडू नका आणि ती कापायचा विचार तर मुळीच नको. स्प्रिंगवाल्या हायब्रिड गाद्यांचे कोपरेही कापता येत नाहीत.

तुमच्या दोघांसाठी मी फोमचे थर कापून घ्यायला सांगेन. खाली ४ इंच एचआर (‘हाय रेझिलियन्स’, दाबून सोडल्यावर लगेच उसळणारा) फोम, घनता २.५ पाउंड म्हणजे ४० डेन्सिटी किंवा जास्त, आयएलडी ३५ च्या आसपास. वर २ इंच लॅटेक्स. नवऱ्याच्या बाजूला लॅटेक्सचा आयएलडी २८-३०, तुमच्या बाजूला १९-२२. दोन्ही थर मधोमध उभे विभागून ३०-३० इंचांचे घ्या. प्रत्येकाला आपापला कडकपणा मिळतो, दारातून नेता येतात, आणि पुढे एका बाजूचा थर बसला तर तेवढाच बदलायचा. दोघांपैकी कुणाचं वजन २०० पाउंडांच्या बरंच वर असेल तर खालचा थर ५ इंच करा. मधली फट झोपताना जाणवेल ही भीती सहसा फोल असते. एकाच खोळीत घट्ट बसल्यावर ती लागत नाही. चार इंचांच्या मेमरी फोमचा थर मात्र वर टाकू नका. उताण्या माणसाचा मधला भाग त्यात बुडतो आणि मग कंबर पुन्हा तीच.

वजनाचा हिशेब करायलाच हवा. मूळची गादी जेमतेम १५ पाउंड आहे. वरची रचना खोळीसकट ५५ पाउंडांच्या आसपास भरते, म्हणजे ४० पाउंडांची भर. तेच ८ इंच नुसतं लॅटेक्स घेतलंत तर १०० पाउंडांच्या वर जातं. पलंग पुढे असल्यामुळे यातला निम्म्याहून थोडा जास्त भार हिचवर (गाडी आणि ट्रेलर यांच्या जोडणीवर) येतो: हिचपासून ॲक्सल १६ फुटांवर आणि पलंगाचा मध्य ७ फुटांवर धरला तर ४० पैकी साधारण २२ पाउंड. एवढं बहुतेक गाड्या सोसतात. पण टंग वेट (ट्रेलरचा हिचवर येणारा भार) आधीच गाडीच्या मर्यादेला टेकलं असेल तर पुढच्या कप्प्यातलं तेवढं सामान मागे हलवा. दाराजवळच्या पिवळ्या स्टिकरवरची सामानवाहू क्षमताही एकदा वाचा.

पलंग उचलणारे गॅस स्ट्रट (दाबाखालचा वायू भरलेल्या नळ्या) १५ पाउंडांच्या गादीसाठी निवडलेले असतात. गादी वाढली की पलंग उचलताना जड जातो आणि वर राहत नाही. सामान काढताना डोक्यावर येतो. पायाकडून उचलताना हाताला वाढीव वजनाचा निम्मा भाग, म्हणजे २० पाउंड लागतात. स्ट्रट मात्र उशाकडच्या बिजागरीजवळ जोर लावतो. तिथलं लंब अंतर १५ इंच असेल तर दोन्ही स्ट्रट मिळून सुमारे १०० पाउंड, म्हणजे प्रत्येकी ५० पाउंड जादा ताकद हवी. नळीवर ताकद छापलेली असते, कधी पाउंडात, कधी न्यूटनमध्ये. १ पाउंड म्हणजे ४.४५ न्यूटन. लांबी आणि टोकाची जोडणी तीच ठेवा, ताकद एकच पायरी वाढवा. एकदम दुप्पट ताकदीचा घातला तर रिकामी फळी खाली बसत नाही आणि ३/८ प्लायवूडमधून ब्रॅकेटचे स्क्रू उपटून येतात. बदलताना पलंग पूर्ण उघडा, मजबूत लाकडाचा टेकू द्या आणि एका वेळी एकच स्ट्रट काढा.

फोम स्वतः कापायचा असेल तर थँक्सगिव्हिंगच्या टर्कीसाठी मिळणारी विजेची सुरी हे सगळ्यात चांगलं हत्यार. पुठ्ठ्याच्या नमुन्यावरून मार्करने रेघ मारा, सुरी अगदी उभी धरा, दाबू नका. एका फेरीत दोन इंचच उतरा आणि मग पुन्हा त्याच रेघेवरून जा. सुरी कललेली राहिली तर वरची कड बरोबर आणि खालची अर्धा इंच आत जाते. फळीपेक्षा एकूण माप अर्धा इंच कमी ठेवा, चादर खोचायला तेवढी जागा लागते. डायनेटच्या (जेवणाच्या टेबलाभोवतीच्या) बैठकीचे फोम मात्र उलट, खोळीपेक्षा अर्धा इंच मोठे कापतात, म्हणजे खोळ ताणून बसते. गादीचे थर चिकटवायची गरज नाही, घट्ट खोळ पुरते. कुठे चिकटवलंच तर फोमसाठीचा स्प्रे गोंद वापरा, तोही ट्रेलरबाहेर, प्रोपेन बंद करून.

खोळीचं कापड विणीचं आणि ताणणारं घ्या, तीन बाजूंनी चेन असलेली. सुटा फोम कारखान्याच्या गादीसारखा ज्योत-चाचणीतून गेलेला नसतो, म्हणून लोकरीचा थर शिवलेली खोळ मिळाली तर थोडे जास्त पैसे द्या; लोकर सहज पेटत नाही आणि घामही शोषते. चादरी शॉर्ट क्वीनच्या वेगळ्या घ्यायलाच हव्यात असं नाही. घरच्या क्वीन चादरीचं पायाकडचं जादा ५ इंच कापड खाली दुमडा आणि कोपरे इलॅस्टिकच्या चिमट्यांनी धरा. जुनी गादी दारातून निघत नसेल तर त्याच सुरीने चार तुकडे करा. आत काचतंतू किंवा स्प्रिंगा नाहीत याची खात्री मात्र त्याआधी करून घ्या.